पहिलं सलाईन लावण्याआधी

पत्र: माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत. मुंबईची नोकरी संपवून सहा वर्षांपूर्वी गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत परत आले. हापूसची चाळीसेक कलमं आणि थोडी सुपारी, त्यातच त्यांचा दिवस जातो. सहा-सात महिने शौचावाटे रक्त पडत होतं. मूळव्याध समजून मलम आणि ताक चालू राहिलं. एप्रिलमध्ये आंबे उतरवताना चक्कर आली, हिमोग्लोबिन ७.८ निघालं, मग दुर्बिणीची तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये गाठ आहे आणि सीटी स्कॅनमध्ये यकृतात चार डाग दिसतात. चौथी स्टेज म्हणाले. रक्त चढवल्यापासून बाबा चालतात-फिरतात, जेवतात, शौचाला होतं, कावीळ नाही. बीपीची गोळी चालू आहे. मुंबईत एका डॉक्टरांनी सोमवारपासून फोलफॉक्स ही केमो आणि बेव्हॅसिझुमॅब सुरू करू म्हटलं. दुसरे म्हणाले, जनुकांचा रिपोर्ट येऊ द्या, दोन आठवडे थांबा. भाऊ म्हणतो एक दिवसही घालवायचा नाही. गाठ आधी कापून का टाकत नाहीत? सलाईनऐवजी गोळ्यांवर भागेल का? काका नरक्या या रानझाडाची साल आणून देतो म्हणतात. आणि बाबांना आम्ही अल्सर आहे असं सांगितलंय. काय करू?
– एक मुलगी, गुहागर तालुका

प्रिय ताई,

रिपोर्ट येऊ द्या. सोमवार टळला तरी चालेल.

भावाची तगमग मला कळते. बापाच्या पोटात काय आहे ते कळल्यावर ‘थांबा’ हा शब्दच क्रूर वाटतो. पण ही गाठ एप्रिलमध्ये उगवलेली नाही. आतड्यातला कर्करोग बहुधा काही वर्षं हळूहळू वाढत आलेला असतो. बाबा जेवतायत, चालतायत, पोट साफ होतंय, कावीळ नाही. अशा माणसाचं दहा-बारा दिवसांनी काही बिघडत नाही. चुकीच्या औषधानं सुरुवात झाली तर मात्र बिघडतं, आणि ते पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या मावशीला हाच आजार झाला. तिचीही गाठ डावीकडेच होती. सगळ्यांनाच घाई झाली आणि रिपोर्ट यायच्या आत एका रुग्णालयात तिला केमोबरोबर सेटुक्सिमॅब लावलं गेलं. तोंडभर पुरळ उठलं, ओठ फुटले, मावसभावानं सुपारीची बाग गहाण टाकली. चार डोस झाल्यावर रिपोर्ट हातात आला: केरास जनुकात बिघाड. म्हणजे ते औषध तिच्या गाठीवर चालणारच नव्हतं. उलट अशा गाठीला ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाबरोबर ते दिलं तर अपायच होतो, हे तोवर चाचण्यांमधून दिसलेलं होतं. मी स्वतः डॉक्टर असून ‘रिपोर्ट कुठे आहे’ एवढं विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. ते अजून सलतं. म्हणून तुमचं पत्र वाचलं त्याच रात्री उत्तर लिहायला बसले.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलं फोलफॉक्स चुकीचं आहे असं मुळीच नाही. तो बहुतेकांच्या उपचाराचा पाया आहे. फाइव्ह-एफयू नावाचं औषध चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ साली लोकांसमोर आणलं आणि जवळजवळ सत्तर वर्षं झाली तरी या आजारात ते अजून जागेवर आहे. ल्युकोव्होरिन जोडीला दिलं की त्याची पकड घट्ट होते. त्यात ऑक्झॅलिप्लॅटिन घातलं की झालं फोलफॉक्स, इरिनोटेकॅन घातलं की फोलफिरी. दोन्ही दर चौदा दिवसांनी. फ्रान्समध्ये एक चाचणी झाली, २००४ साली तिचे निष्कर्ष आले. काही रुग्णांना आधी फोलफॉक्स आणि आजार वाढल्यावर फोलफिरी दिलं, बाकीच्यांना उलट क्रमानं. आयुष्य दोन्हीकडे सारखंच निघालं, वीस-एकवीस महिने. तेव्हा या दोघांतलं कुठलं, यावर झोप घालवू नका. फोलफॉक्समध्ये हातापायांना मुंग्या येतात, फोलफिरीत जुलाब होतात आणि केस जास्त गळतात. डॉक्टर तेवढ्यावरून आणि रुग्णाच्या प्रकृतीवरून निवडतात.

खरा प्रश्न त्यावर जोडायच्या औषधाचा आहे आणि तो रिपोर्टाशिवाय सुटत नाही.

बेव्हॅसिझुमॅब गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही. २००४ पासून ते वापरात आहे आणि त्याला जनुकाचा रिपोर्ट लागत नाही. पहिल्या डॉक्टरांना ते सोमवारी लावता आलं असतं ते म्हणूनच. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही दुसऱ्या जातीची. पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणारं एक दार असतं, ते ही औषधं बंद करतात. पण दाराच्या आतली केरास किंवा एनरास ही कळ बिघडून कायम चालूच राहिली असेल, तर बाहेरचं दार बंद करून उपयोग काय? साधारण निम्म्या रुग्णांमध्ये ही कळ बिघडलेली असते. उरलेल्या निम्म्यांत हे औषध चालू शकतं, आणि त्यातही गाठ डावीकडे असेल तर जास्त चांगलं चालतं. आईच्या पोटात बाळ घडत असताना मोठ्या आतड्याची उजवी बाजू आणि डावी बाजू वेगवेगळ्या मुळांपासून तयार होते. म्हणून दोन्हीकडच्या गाठींचा स्वभावही वेगळा. जपानमध्ये झालेल्या पॅराडाइम चाचणीत रास जनुकं, म्हणजे केरास आणि एनरास, शाबूत असलेल्या, डाव्या बाजूच्या रुग्णांना फोलफॉक्सबरोबर पॅनिटुमुमॅब दिलं तेव्हा मध्यम आयुर्मान ३७.९ महिने आलं, बेव्हॅसिझुमॅबबरोबर ३४.३.

बाबांची गाठ डावीकडे आहे. रास शाबूत निघालं तर सेटुक्सिमॅबचा विचार व्हायला हवा, कारण ते गाठी जास्त आक्रसवतं आणि यकृताच्या बाबतीत आपल्याला तेच हवंय. त्याकडे येतेच. रास बिघडलेलं असेल तर बेव्हॅसिझुमॅब. तेव्हा पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं कदाचित बरोबरच ठरेल, पण ते कळून ठरू द्या.

त्याच रिपोर्टात आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक बीराफ हे जनुक. हा बिघाड साधारण दहातल्या एकाला असतो, आजार आक्रमक असतो, आणि त्यासाठी पहिल्या टप्प्यातच वेगळी, नेमकी औषधं द्यायचा मार्ग डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. दुसरी एमएमआर, म्हणजे जनुकांतल्या चुका दुरुस्त करणारी पेशीची यंत्रणा. ही तपासणी स्वस्त आहे, बायोप्सीच्याच तुकड्यावर चार प्रथिनं रंगवून पाहतात आणि काही दिवसांत कळतं. चौथ्या स्टेजच्या शंभरातल्या चार-पाच जणांमध्येच दोष निघतो. पण निघाला तर सगळा उपचारच बदलतो. अशा रुग्णांना केमोऐवजी पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध दिलं तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ८.२ महिन्यांवरून १६.५ महिन्यांवर गेला. त्यातल्या काहींचा आजार वर्षानुवर्षं डोकं वर काढत नाही. असा माणूस चुकून फोलफॉक्सवर जाणं मला परवडत नाही, तुम्हालाही परवडू नये. शिवाय एमएमआरचा दोष कधीकधी घराण्यातून आलेला असतो. तसं निघालं तर तुमची आणि भावाचीही तपासणी लागेल. तो नसला तरी चाळिशीला पोचलात की दोघांनीही एकदा दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

एक अपवाद सांगून ठेवते. थांबताना पोट फुगून शौच-वारा बंद झाला, उलट्या लागल्या तर आतडं अडलं असं समजून लगेच रुग्णालय गाठा, तिथे आधी वाट मोकळी करतात. बाबांना कावीळ दिसली किंवा ते झपाट्यानं खालावले, तर डॉक्टरांना लगेच दाखवा, रिपोर्टाची वाट पाहायची नाही. अशा वेळी, प्रकृतीला झेपत असेल तर, नुसतं फोलफॉक्स सुरू करतात आणि वरचं औषध रिपोर्ट आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून जोडतात. भावाला हे सांगा. ‘आज किंवा कधीच नाही’ असा हा मामला नाही, हे ऐकून त्याचाही जीव थोडा खाली पडेल.

आता यकृत. तुमच्या पत्रात डाग चार असं आहे, पण ते यकृताच्या एकाच बाजूला आहेत की दोन्हीकडे, फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर काही आहे का, ते नाही. माझ्या मते तुमच्या हातातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि तो दोन्ही डॉक्टरांना विचारला गेलेला दिसत नाही. प्रश्न असा: हे डाग आज काढता येतील का, आणि आज नसतील तर औषधानं लहान झाल्यावर काढता येतील का? यकृत हा अवयव अजब आहे. मोठा भाग काढला तरी उरलेला वाढून जागा भरून काढतो. ज्यांचे यकृतातले सगळे डाग शस्त्रक्रियेनं निघू शकतात, अशा दहातले साधारण चार जण पाच वर्षं पार करतात आणि काही कायमचे बरे होतात. चौथी स्टेज म्हटल्यावर लोक हात टेकतात, पण चौथ्या स्टेजमध्येही फार फरक असतो. म्हणून सीटीची सीडी यकृताची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनला दाखवल्याशिवाय पहिलं सलाईन लावू नका. ते ‘शक्य आहे’ म्हणाले तर औषधांची निवड त्या बेतानं होते, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सीटी होतो, आणि डाग काढण्याजोगे झाले की केमो लांबवत न बसता शस्त्रक्रिया करतात, कारण केमोनं यकृतही थकतं. बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर शस्त्रक्रियेआधी साधारण सहा आठवडे ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर जखम भरत नाही. धडधाकट माणसाला कधी फाइव्ह-एफयू, ऑक्झॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन ही तिन्ही एकत्र आणि वर बेव्हॅसिझुमॅब असाही जोरदार मारा देतात. इटलीतल्या चाचणीत त्यानं आयुष्य २५.८ वरून २९.८ महिन्यांवर गेलं, पण त्रासही तसाच असतो. नुकतंच हिमोग्लोबिन ७.८ असलेल्या माणसाला लगेच तो द्यावा का, याचा विचार डॉक्टर करतीलच.

सर्जन ‘शक्य नाही’ म्हणाले, तर उपचाराचा हेतू आजार ताब्यात ठेवणं हा होतो. तेही मोलाचं आहे, पण तसं स्पष्ट शब्दांत विचारून घ्या. हेतू माहीत नसला की घरातले प्रत्येक जण आपापल्या मनातल्या हेतूसाठी भांडत राहतात.

तुम्ही विचारलंय, गाठच आधी का काढत नाहीत. प्रश्न साहजिक आहे, मूळ उपटावं असं कोणालाही वाटणारच. पण आतड्यातली गाठ वाट अडवत नसेल आणि रक्त वाहत नसेल तर ती आधी काढून आयुष्य वाढत नाही. जपानमधल्या एका चाचणीत हेच तपासलं गेलं, २०२१ मध्ये निष्कर्ष आले, आधी गाठ काढल्याचा फायदा दिसला नाही. मोठ्या शस्त्रक्रियेतून सावरण्यात महिना-दीड महिना जातो आणि तेवढा वेळ यकृतातल्या डागांना मोकळं रान मिळतं. मात्र बाबांचं रक्त पुन्हा पडू लागलं, हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं तर हा हिशोब बदलतो.

गोळ्यांचं म्हणाल तर कॅपेसिटाबिन ही गोळी पोटात गेल्यावर शरीर तिचं फाइव्ह-एफयूच बनवतं. ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन एक दिवस, मग चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, म्हणजे दर एकवीस दिवसांनी एकदा जाणं. याला केपॉक्स म्हणतात आणि बेव्हॅसिझुमॅबबरोबर ते फोलफॉक्सइतकंच चांगलं आहे. फोलफॉक्समध्ये फाइव्ह-एफयू ४६ तास हळूहळू द्यायचं असतं. त्यासाठी गळ्याखाली पोर्ट, म्हणजे कातडीखाली शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवतात आणि पंप लावून दोन दिवस रुग्णालयात तरी राहायचं किंवा पंप घेऊन घरी जायचं आणि काढायला परत यायचं. गुहागरच्या माणसाला हे दर पंधरवड्याला किती जड आहे ते मला ठाऊक आहे. तरीही एक अट लक्षात ठेवा. वरचं औषध सेटुक्सिमॅब ठरलं तर केपॉक्स नको. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत कॅपेसिटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिनच्या जोडीला सेटुक्सिमॅब देऊन फायदा झाला नाही, जुलाब मात्र वाढले. त्याच्याबरोबर फोलफॉक्स किंवा फोलफिरी आणि पंपच हवा. प्रवास वाचवायला गोळ्या घेतल्या आणि महागडं औषध वाया गेलं, असं व्हायला नको.

प्रवासाला दुसरा इलाज आहे. कोणतं औषध द्यायचं याचा निर्णय परळच्या टाटा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी घ्या, पण तीच सलाईनं जवळ कुठे लावता येतील ते त्यांनाच विचारा. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाचा विभाग आहे. तिथे चौकशी करा. मुंबईला जावंच लागलं तर रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला आधीच घेऊन ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ठरलेलं प्रत्येक औषध त्यात बसतं का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, औषधाचं नाव सांगून विचारा, नुसतं ‘केमो बसते का’ असं विचारू नका. बेव्हॅसिझुमॅब भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे त्याचा भार पूर्वीपेक्षा कमी झालाय. पण कुठलंही महाग औषध सुरू करण्याआधी ‘हे किती महिने परवडेल’ याचा हिशोब मांडा. मध्येच बंद पडलेल्या औषधापेक्षा शेवटपर्यंत नीट दिलेलं साधं फोलफॉक्स केव्हाही बरं. कलमं विकायचा विषय घरात निघाला तर आधी मला लिहा.

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून घरातल्या काळजीचं थोडं सविस्तर सांगते.

ऑक्झॅलिप्लॅटिनचं आणि गारव्याचं वैर आहे. सलाईन झाल्यावर चार-पाच दिवस गार वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात. गार पाणी प्यायलं तर घसा आवळून श्वास अडकल्यासारखं वाटतं. श्वास खरोखर अडकत नाही, कोमट पाण्यानं सुटतं, पण आधी सांगितलेलं नसेल तर माणूस हादरून जातो. तेव्हा बर्फातली मासळी बाबांनी हाताळायची नाही. सोलकढी हवी तर ताजी, फ्रीजमधली नाही. या झिणझिण्या चार दिवसांत जातात. दुसऱ्या प्रकारचा बधिरपणा मात्र महिन्यांनी साचत येतो: शर्टाची बटणं लागत नाहीत, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. तो आला की डॉक्टरांना लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही. बहुतेक ठिकाणी तीन-चार महिन्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवून बाकीची औषधं चालू ठेवतात, आणि तसं केल्यानं नुकसान होत नाही. या काळात कलमांवर चढणं बंद. आंबे गड्याकडून उतरवून घ्या. बाबांनी खळ्यात बसून पेट्या भरल्या तरी बागेत त्यांचा हात आहेच.

कॅपेसिटाबिननं तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. कातळावर अनवाणी चालणं, कोयतीनं तासन्‌तास सोलणं-तोडणं टाळायचं, रोज दोनदा मलम किंवा खोबरेल लावायचं. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. बेव्हॅसिझुमॅबनं रक्तदाब वाढतो आणि बाबांना तो आधीच आहे, म्हणून आठवड्यातून एकदा उपकेंद्रात मोजून वहीत लिहा. सेटुक्सिमॅब असेल तर पुरळ येतंच. पहिल्या दिवसापासून डॉक्टर त्यासाठी गोळी आणि मलम देतात, उन्हात टोपी हवी, आणि रक्तातलं मॅग्नेशियम अधूनमधून तपासायला लागतं.

आणि ताप. हे भिंतीवर लिहून लावा. केमो चालू असताना ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर ती आणीबाणी आहे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहिली आणि सकाळी उशीर झाला होता, असं मी पाहिलंय. रक्ततपासणी आणि शिरेतून प्रतिजैविकं जिथे लगेच मिळतील असं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, तिथला फोन नंबर काय, रात्री गाडी कोणाची, हे पहिल्या सलाईनच्या आधी ठरलेलं हवं. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड आली किंवा चिपळुणात पाणी भरलं तर दुसरा रस्ता कोणता, हेही. जुलाब दिवसात चारपेक्षा जास्त वाढले तर तोच नियम. लावणीला या वर्षी बाबांनी चिखलात उतरायचं नाही. भेगा पडलेले पाय आणि चिखलातून होणारा लेप्टोचा ताप यांची गाठ पडायला नको.

खाण्याचं फार अवडंबर नको. मासे, अंडी, पेज, कुळथाचं पिठलं, जे आवडेल आणि ताजं शिजलेलं असेल ते. कालवं-तिसऱ्या पूर्ण शिजवून. आंबासुद्धा खाऊ द्या.

आता तुमचे काका. त्यांना वेड्यात काढू नका, कारण ते अर्धे बरोबर आहेत. सह्याद्रीतल्या नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य पहिल्यांदा एका चिनी झाडातून वेगळं केलं ते १९६६ मध्ये, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. फोलफिरीतलं इरिनोटेकॅन याच द्रव्यापासून बनतं. पण पुढची गोष्टही काकांना सांगा. ते द्रव्य जसंच्या तसं रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा रक्तपेशी इतक्या घटल्या आणि मूत्राशयातून इतका रक्तस्राव झाला की प्रयोग थांबवावे लागले. त्याचं रूप बदलून सुरक्षित मात्रेत देता येणारं औषध जपानमध्ये तयार झालं आणि १९९४ मध्ये तिथे मंजूर झालं. मधली अठ्ठावीस वर्षं त्यासाठी खर्ची पडली. सालीच्या काढ्यात किती द्रव्य उतरलं, ते कोणालाच मोजता येत नाही. केमोच्या जोडीला तो काढा घेतला तर जुलाब आणि पांढऱ्या पेशींची घट दोन्ही बाजूंनी येईल. काकांना त्यांच्या भावासाठी काहीतरी करायचंय, ते खरं आहे. तर पंप काढायच्या दिवशी गाडी घेऊन येणं त्यांच्याकडे द्या. नरक्याची झाडं तशीही चोरट्या तोडीनं विरळ झाली आहेत, ती रानात राहू द्या.

उरलं बाबांना सांगणं. इथे मी तुमच्या घराच्या निर्णयाच्या विरोधात आहे. मुंबईत नोकरी करून आलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला अल्सरसाठी गळ्याखाली पोर्ट बसवत नाहीत, हे कळायला किती दिवस लागतील? केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस पहिल्याच दिवशी सांगून टाकेल. मग त्यांना आजारही कळेल आणि आपल्या माणसांनी लपवलं हेही कळेल, आणि त्याविषयी ते तुमच्याशी बोलू शकणार नाहीत. संमतीच्या कागदावर सही त्यांची आहे. जोरदार मारा सोसायचा की सौम्य उपचार घ्यायचे, पोर्ट हवा की गोळ्या, गणपतीत घरी असायचं की नाही, ही निवड त्यांचीच आहे. तारखा आधी बोललं तर डॉक्टर एखादा आठवडा पुढेमागे करतात, गणपतीत पंप लावून बसायची पाळी येत नाही.

सगळं एका दमात सांगू नका. संध्याकाळी पडवीत बसल्यावर, आई शेजारी असताना, आधी त्यांनाच विचारा: “बाबा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?” बहुतेक वेळा समोरून जे उत्तर येतं त्यात निम्मं आधीच असतं. मग म्हणा, गाठ आहे, यकृतातही गेलीय, औषधं आहेत, डॉक्टर रिपोर्टाची वाट पाहतायत. एवढंच, आणि मग गप्प राहा. त्यांनी ‘किती दिवस?’ असं विचारलं तर आकडा देऊ नका. चाचणीतले ३७.९ महिने म्हणजे निम्मे त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही असतात, बाबा कुठल्या निम्म्यात ते आज कोणालाच माहीत नाही. दोन महिन्यांनी पहिल्या सीटीत औषध लागू पडतंय का ते दिसेल, तेव्हा बोलू, असं सांगा. हे टाळणं नाही, खरं तेच आहे.

आणि मूळव्याध समजून गेलेले ते सात महिने. तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण मला ती वाचता आली. ते तुमच्यामुळे झालं नाही. ताक करून देणाऱ्या आईमुळेही नाही. तिलाही एकदा हे कोणीतरी मोठ्यानं सांगायला हवं.

सोमवारी मुंबईला सलाईनसाठी जाऊ नका, बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमध्ये जा. बाबांच्या नावाचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा, मागा, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. पोच घ्या आणि रास, बीराफ, एमएमआर असं तिन्ही लिहिलेल्या चिठ्ठीसह दुसऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी पाठवा. सीटीची सीडी भावाकडे द्या. त्याला काहीतरी धावपळ हवीच आहे, तर त्यानं त्या आठवड्यात यकृताच्या सर्जनची वेळ घ्यावी. रिपोर्ट आला की मला कळवा, आपण पुन्हा बोलू.